अथेन्सची बाग आणि तिची नावे

प्रमाणभाषा आणि बोली यांच्या व्याख्या तुम्ही या अभ्यासक्रमात वाचल्या असतील. त्या व्याख्या मी पंचवीसहून अधिक वर्षे शिकवीत आलो आहे. तरीही त्यांचा खरा अर्थ मला उशिरा कळला, आणि तो ग्रंथालयात कळला नाही. एका परक्या शहरातील बागेत, बाकावर बसलेलो असताना कळला. ती हकीकत तुम्हांला सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

काही वर्षांपूर्वी भाषाविज्ञानाच्या एका परिषदेसाठी मी अथेन्सला गेलो होतो. दुपारी मोकळा वेळ मिळे आणि उन्हाचा तडाखा मोठा. अशा वेळी ग्रीक लोकांप्रमाणे मीही शहराच्या मध्यभागी असलेल्या राष्ट्रीय उद्यानाचा आश्रय घेई. सुमारे साडेपंधरा हेक्टरांची ही बाग संसदभवनाच्या पाठीमागे पसरली आहे. अमालिया राणीच्या नावाच्या हमरस्त्यावरून आत शिरलात की बारा उंचच उंच ताडवृक्ष तुमचे स्वागत करतात. ते स्वतः राणीने लावले असे सांगतात. पुढे वळणावळणाच्या पायवाटा, गर्द सावली, बदकांचे तळे, मुलांसाठी एक लहानसे ग्रंथालय; आणि मध्येच झाडीत रोमन काळातील घराच्या फरशीचे, रंगीत खड्यांनी घडविलेले अवशेष. बाहेरच्या वाहनांचा आवाज दहा पावलांत मावळतो.

आजचे संसदभवन हा मुळात राजवाडा. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर युरोपातील सत्तांनी तेथे बव्हेरियाचा राजपुत्र ओट्टो याला राजा म्हणून पाठविले. त्याची राणी अमालिया उत्तर जर्मनीतील ओल्डेनबुर्गची. तिने १८३८ साली ही बाग करविण्यास आरंभ केला. फ्रीड्रिश श्मिट नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाने पाचशेहून अधिक जातींची झाडे देशोदेशींहून आणविली. त्यांतील पुष्कळशी अ‍ॅटिकाच्या कोरड्या हवेत तगली नाहीत. उरली ती उरली. पाण्याची कथा मला अधिक विलक्षण वाटते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, पेसिस्ट्राटोसच्या घराण्याच्या सत्तेत, अथेन्ससाठी जमिनीखालून जी जलवाहिनी खोदली गेली, तिचे पाणी आजही या झाडांच्या मुळांशी पोहोचते.

बागेचे पहिले नाव होते 'वासिलिकोस कीपोस', म्हणजे राजोद्यान. दुपारनंतर ते लोकांसाठी उघडे असे. पण राजवाड्यालगतचा वरचा भाग कुंपण घालून राजाराणीपुरता राखलेला होता. १८६२ साली ओट्टो आणि अमालिया यांना देश सोडावा लागला. पुढे १९२०च्या दशकात बाग सर्वस्वी लोकांची झाली आणि तिचे नाव 'एथ्निकोस कीपोस', राष्ट्रीय उद्यान, असे ठेवण्यात आले. गंमत अशी की बागेतून राणी गेली, पण बागेसमोरचा रस्ता अजून तिच्याच नावाचा आहे. मुंबईकरांना हे नवे वाटू नये. भायखळ्याच्या उद्यानाला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देऊन कितीतरी वर्षे लोटली. तोंडी मात्र अजून 'राणीची बाग'च. (जुनी माणसे 'राणीचा बाग' म्हणत. 'बाग' हा फारसीतून आलेला शब्द मराठीत पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हा प्रश्न लोकांनी आपला आपण सोडविला. व्याकरणकारांना कोणी विचारले नाही.)

त्या 'वासिलिकोस' शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. ग्रीक घरांच्या सज्जांत, खिडक्यांत कुंड्यांतून एक सुगंधी रोप दिसते, त्याचेही नाव हेच. आपला सब्जा तो हाच, तुळशीच्या कुळातील. राजा गेला, राजोद्यानाचे नाव गेले, पण शब्द कुंडीत सुखरूप राहिला.

बागेच्या पुढ्यातील चौकाचे नाव 'सिंटाग्मा'. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कान येथे टवकारले पाहिजेत. वाक्यातील शब्दांच्या परस्परसंबंधाला आपण 'सिंटॅग्मॅटिक' संबंध म्हणतो, तोच हा शब्द. मूळ अर्थ 'एकत्र नीट मांडलेले'; आधुनिक ग्रीकमध्ये त्याचा अर्थ राज्यघटना. ३ सप्टेंबर १८४३ रोजी सैनिक आणि नागरिक राजवाड्याच्या खिडक्यांखाली जमले आणि त्यांनी ओट्टोकडून राज्यघटनेचे वचन घेतले, म्हणून चौकाला हे नाव पडले.

राज्यघटना मिळाली, पण ती लिहायची कोणत्या ग्रीकमध्ये? घरात, बाजारात, शेतात बोलली जाणारी भाषा तुर्की, इटालियन शब्दांनी भरलेली. ती प्राचीन ग्रंथकारांच्या वारसांना शोभत नाही, असे विद्वानांना वाटू लागले. तेव्हा प्राचीन रूपे मिसळून एक 'शुद्ध' भाषा घडविण्यात आली: काथारेवुसा. शासन, न्यायालये, विद्यापीठ येथे तिचे राज्य. माणूस पाण्याला 'नेरो' म्हणे आणि लिहिताना 'इदोर'. पावाला 'प्सोमी' म्हणे आणि लिहिताना 'आर्तोस'. १९५९ साली चार्ल्स फर्ग्युसन यांनी 'डायग्लोसिया' ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांनी घेतलेल्या चार उदाहरणांपैकी एक ग्रीकचे होते. परीक्षेसाठी एवढे पुरेसे आहे. मला मात्र पुढचे सांगायचे आहे.

१९०१ साली अथेन्सच्या एका वृत्तपत्राने मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा बोलभाषेतील अनुवाद क्रमशः छापण्यास आरंभ केला. विद्यापीठाचे विद्यार्थी खवळले. धर्मग्रंथ बाजारी भाषेत आणणे हा त्यांना राष्ट्राचा अपमान वाटला. नोव्हेंबरमध्ये ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराच्या स्तंभांपाशी प्रचंड सभा भरली. बागेच्या दक्षिणेकडून तेथे चालत काही मिनिटांत पोहोचता येते. त्या दिवशीच्या चकमकीत आठ माणसे मेली. एका अनुवादापायी! बोलभाषेला अधिकृत मान्यता मिळायला त्यानंतर १९७६ साल उजाडावे लागले.

बागेच्या दक्षिण भागात दोन कवींचे अर्धपुतळे आहेत, दिओनिसिओस सोलोमोस आणि आरिस्तोतेलिस वालाओरितिस. दोघेही बोलभाषेचे कवी. सोलोमोसचे शिक्षण इटलीत झाले होते आणि त्याच्या आरंभीच्या कविता इटालियनमध्ये आहेत. पुढे तो आपल्या बेटावरच्या लोकांच्या ग्रीककडे वळला आणि तिच्यातच त्याने १८२३ साली ते दीर्घ स्तोत्र लिहिले, ज्याची आरंभीची कडवी आज ग्रीसचे राष्ट्रगीत आहेत. म्हणजे ज्या भाषेला कचेरीत प्रवेश नव्हता, त्याच भाषेतील गीत गाताना सारी कचेरी उभी राहत असे.

सोलोमोसच्या पुतळ्यासमोरील बाकावर बसलो असताना मला आमच्या एका अभ्यासकेंद्रातील स्वाध्यायाची वही आठवली. मी तेव्हा नवा प्राध्यापक होतो, डॉक्टरेट नुकतीच मिळाली होती. एका विद्यार्थिनीने 'माझे शेत' या विषयावर आठ पाने लिहिली होती. दिवसभर अंगणवाडीत राबून रात्री ती अभ्यास करीत असे. तिने 'माय' लिहिले होते, 'मले' लिहिले होते, 'काऊन' लिहिले होते. मी लाल शाईने प्रत्येक शब्दाभोवती वर्तुळ काढले आणि शेवटी शेरा दिला, 'भाषा शुद्ध करा.' पेरणी लांबल्यावर तिची आई रात्री उठून आभाळ बघत बसे, हे तिने काय नेमके लिहिले होते! त्याखाली मी एक अक्षरही लिहिले नाही. पुढच्या संपर्कसत्राला ती आली नाही. त्यानंतरही आली नाही.

तिच्या न येण्याला दुसरे कारण असू शकेल, असे मी स्वतःला पुष्कळदा समजाविले आहे. घरचे काम, बदली, आजार. तुम्ही दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात, ही कारणे तुम्हांला माझ्याहून चांगली ठाऊक. परंतु ती वर्तुळे काढणारा हात माझा होता, आणि मी स्वतः वऱ्हाडातला. माझी आई आजही 'मले'च म्हणते. वसतिगृहात पोरे हसली म्हणून सोळाव्या वर्षी तो शब्द मी जिभेवरून खरवडून काढला होता. तिच्या वहीत मी जे खोडत होतो, ते कोणाचे होते?

प्रमाणभाषा नको, असे मी म्हणत नाही. ही पुस्तिका तिच्यातच लिहिली आहे. कोकणातला, खानदेशातला, गडचिरोलीतला विद्यार्थी ती एकाच वेळी वाचू शकतो, हा तिचा मोठा उपयोग. परीक्षेतही ती तुम्हांला लिहावी लागेल, आणि ती नीट यावी म्हणून मी तुमच्या मागे लागणार आहे. पण त्या दिवसापासून मी स्वाध्याय तपासताना लाल शाई वापरणे सोडले. बोलीतला शब्द आला तर समासात पेन्सिलीने प्रमाणरूप लिहितो, आणि वाक्य चांगले असेल तर तसेही लिहितो. यात काही फार मोठे केले, असे नाही.

संध्याकाळी उद्यान बंद होण्याच्या सुमारास मी आईला दूरध्वनी केला. भारतात तेव्हा रात्र झाली होती.

"कुठी हायेस?" तिने विचारले.

"एका बागेत बसलो आहे."

"कोनाची बाग?"

"आधी राणीची होती. आता सगळ्यांची आहे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अन् पानी कोन घालते तिले?"

"मले वाटते," मी म्हणालो, "जुनी विहीर-गिहीर असंन काही. जमिनीखालून येते."