अम्मीची जानमाज आणि पिल्लू

पावसात भिजलेलं दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या मुलीनं घरी आणलं, तेव्हा अम्मी एवढंच म्हणाली, "माझ्या नमाजच्या खोलीत येता कामा नये." तिसऱ्याच दिवशी ते जानमाजशेजारी मुतलं. मी हात उगारला. अम्मीनंच अडवलं, "लेकरू आहे. मारलंस तर लपून करेल."

खरंच होतं. एवढ्याशा पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही. मग ते झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच अंगणात न्यायचं; तिथं केलं की तिथंच शाबासकी. घरातली जागा व्हिनेगरच्या पाण्यानं पुसायची, कारण वास राहिला की ते पुन्हा तिथंच जातं.

महिन्याभरानं फजरला उठलेल्या अम्मीला ते दाराशी कुंईकुंई करताना दिसलं.

"चल बाबा," कडी काढत ती म्हणाली, "आधी तुझं, मग माझा वजू."