कडवा की चांदवा?

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच मला लोकलपेक्षा प्यारी आहे. २०२४पासून रेल्वे थेट उरणपर्यंत धावते, अटल सेतूही झाला. तरी डिझेलचा वास आणि खारा वारा अंगावर घेतल्याशिवाय उरणला गेल्यासारखं वाटत नाही.

या वेळी निमित्त होतं एका जुन्या साहेबाचं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जन्म साताऱ्याचा, १८५१चा. मुंबई इलाख्याच्या कस्टम आणि मीठ खात्यात नोकरी. बदलीच्या गावांत उरणही होतं. पगार मिठाचा, जीव किड्यामुंग्यांत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढणाऱ्यांतला हा एक. पुढे १९०३ साली त्याने आणि कोंबर नावाच्या दुसऱ्या एका अभ्यासकाने मिळून कोकणातल्या फुलपाखरांची यादी छापली. मिठागरांच्या बांधांवरून हिंडताना या माणसाला काय काय दिसलं असेल, एवढंच माझं कुतूहल. सकाळ मिठागरं शोधण्यात गेली. दिसले ते कंटेनर. त्यावर न लिहिलेलं बरं.

दुपारी चिरनेरच्या रस्त्याला रुईच्या झुडपांभोवती एक नारिंगी फुलपाखरू घिरट्या घालत होतं. पंखांची टोकं काळी, त्यांत पांढरा पट्टा. बिबळ्या कडवा म्हणून कुणीही पुढे गेलं असतं. कडव्याचा सुरवंट रुई खातो, तिच्या चिकातलं विष अंगात साठवतो. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. या दहशतीवर छोटा चांदवा या दुसऱ्याच फुलपाखराची मादी फुकट जगते. रंग तोच, उडणंही तसंच आळशी. तिचा नर मात्र काळाभोर, पंखांवर पांढरे चांदवे. जोडपं म्हणून कुणाला पटणार नाही.

फरक मागच्या पंखावर. कडव्याला मध्यावर तीन-चार काळे ठिपके, चांदव्याच्या मादीला वरच्या कडेशी एकच. पुस्तकात हे फार सोपं असतं. ट्रेलर धूळ उडवत असताना आणि फुलपाखरू दोन क्षण टेकायला तयार नसताना ठिपके मोजून दाखवावेत कुणीतरी! इराणपासून मध्य आशियापर्यंतच्या डोंगरांत तर निळ्या फुलपाखरांच्या काही जाती इतक्या सारख्या, की निवाडा गुणसूत्रं मोजून करावा लागतो.

"काय हरवलाय रं बाला?"

मागे एक आगरी आजी, डोक्यावर भाजीची पाटी. मी बोट दाखवलं. "पाखरू? त्या रुईचा चिक डोल्यात गेला तं कललं," म्हणून तिने पाटी उतरवली आणि बांधावरची घोळ खुडायला बसली.

तेवढ्यात फुलपाखरू रुई सोडून खाली आलं, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर घोळीवर टेकलं, पोट वाकवून पानाला लावलं आणि उडालं. कडवा घोळीवर अंडी घालत नाही. चांदव्याच्या सुरवंटाचं मात्र ते खाणंच. ठिपक्यांचा वाद झाडाने मिटवला. मी ओरडलोच, "आजी, तेवढी फांदी खुडू नका!"

"का?"

"त्यावर तिने अंडं घातलंय."

आजीने फांदी खुडलीच. पान उलटं केलं, डोळे बारीक करून पाहिलं, मग ती फांदी जुडीत खोचून जुडी माझ्यापुढे धरली.

"धा रुपये. अंड्यासकट."