ससा आणि गालिचा

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून त्याला सतत काहीतरी चघळावेच लागते. आमच्या सशाने नेमकी अब्बांच्या नमाजाच्या गालिच्याची कड धरली. ‘कोंडा त्याला पिंजऱ्यात!’ अब्बा कडाडले. मला सशाचीही काळजी वाटली. त्याला उलटी होत नाही, गिळलेले धागे आतड्यात अडकले तर जिवावर बेतते. आता नमाज झाली की आम्ही गालिचा गुंडाळून उंचावर ठेवतो. कोपऱ्यात वाळलेल्या गवताची टोपली भरलेली असते. सशाने दुसरीकडे तोंड घातले, की न ओरडता त्याला टोपलीकडे न्यायचे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. घरातल्या मुक्या जिवाशी आपण कसे वागतो, हेही मुले पाहत असतात.