मूठभर भात, ग्लासभर पाणी

लहान मुलांच्या विज्ञानात सगळ्यात फसव्या असतात त्या टाळ्या. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा पडला, बाटलीच्या तोंडावरचा फुगा टम्म फुगला, की दुसरीचा वर्ग नुसता उसळतो. म्हशाच्या जत्रेतला जादूगारही तेवढंच मिळवतो. मग कुणी काही विचारत नाही, कारण सोड्याबद्दल मुलांचं आधीचं मतच नसतं. मुरबाड आणि शहापूरच्या जिल्हा परिषद शाळांत शिकवताना मी एक धरून ठेवलं: ज्यावर पोरं भांडू शकतील, तीच वस्तू वर्गात आणायची.

इथं भाताच्या बियाण्यावर सगळेच भांडतात. पेरणीआधी ते मिठाच्या पाण्यात टाकावं, तरंगणारे पोचट दाणे काढावेत, बुडालेलं बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावं, असं कृषी खातं सांगतं. प्रमाण १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ. काही घरी हे करतात, काही घरी सुपावरच भागतं. म्हणजे वर्गात यायच्या आधीच दोन पक्ष तयार!

बाटल्या कापून भांडी करतो. माळशेजच्या पावसाळी पाहुण्यांच्या कृपेने बाटल्यांना तोटा नाही. प्रत्येक गटाला मूठभर भात आणि ग्लासभर साधं पाणी. पण पाण्यात हात घालण्याआधी दहा दाण्यांतले किती तरतील, तेवढ्या रेघा फरशीवर खडूने ओढायच्या. या रेघांवर माझा फार जीव आहे. रेघ ओढली की मूल त्या दाण्याशी बांधलं जातं.

पहिल्या झटक्यात बरेच दाणे वरच राहतात. “बाई, सगळं पोचट!” असा गलका होतो. मी ढवळा म्हणत नाही. तुसाला चिकटलेली हवा चांगल्या दाण्यालाही वर धरून ठेवते, हेही सांगत नाही. कुणीतरी बोट घालतंच. दाणे गटांगळी खातात, बुडबुडे सुटतात आणि रेघांवरून वाद पेटतो. मग तरलेला दाणा दातांखाली फोडून आत तांदूळ आहे का ते बघायची कल्पना त्यांचीच. त्यानंतर मीठ, २०० मिलीलीटरला ६ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. ढवळलं की मघाशी तळाशी गेलेल्यांपैकी काही परत वर येतात. याचं उत्तर घाईने दिलं, तर धडा तिथेच संपला.

स्वस्त वस्तूंचं विज्ञान म्हटलं की अरविंद गुप्ता आठवतात. १९७८मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत, पुढे कोसबाडला, आजूबाजूच्या वस्तूंवर बालशिक्षण चालवलं. कोसबाड तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४पासून ते पालघरमध्ये गेलं. मला विचाराल तर स्वस्ताई हा यातला दुय्यम गुण. वस्तू ओळखीची असणं महत्त्वाचं.

आमच्याकडे आणखी दोन अटी असतात. कातकरी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. आठवडाभर नोंदी मागणारा उपक्रम त्यांच्या वाट्याला अर्धवट येतो, म्हणून मी शक्यतो त्याच दिवशी संपणारं निवडते. दुसरी अट पाण्याची. भातसा, तानसा, मोडकसागर शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात कितीतरी पाडे टँकरवर. घमेली भरून चालत नाही. साधं पाणी झाडाला जातं, पण खारट पाण्याचं काय करायचं हाही एक प्रश्नच, आणि तोही मी मुलांपुढेच टाकते.

यंदा तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, मीठ टाकतच राह्यलं तर सगळं भात तरंल का?” खिचडीच्या डब्यातलं मीठ आणलं. दाणे वर येत गेले, आणखी टाकलं. मग मीठच विरघळेना, तळाशी पांढरं साचलं. आता वाद दाण्यांवरून मिठावर गेला. एक गट म्हणतो पाणी भरलं, दुसरा म्हणतो जास्त ढवळायला हवं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी ढवळणं चालूच होतं, आणि स्वयंपाकाच्या मावशी दारात उभ्या राहून मिठाचा डबा मागत होत्या.