पासाचे मोल आणि वेळेचे मोल

वसई, नालासोपारा किंवा विरार येथे घर घेणारे कुटुंब पाणी पाहते, शाळा पाहते, स्टेशन किती लांब आहे तेही पाहते. लोकलच्या पासाची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही, कारण तो परवडणारच असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली आणि १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. चर्चगेटपासून सुमारे साठ किलोमीटरवरची ही वस्ती पुढे फुगत गेली, ती या स्वस्त आणि नियमित प्रवासाच्या भरवशावर.

हिशेब साधा आहे. द्वितीय वर्गाचा मासिक पास सुमारे १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो. महिन्याचे पंचवीस दिवस कामावर जाणाऱ्याचे पन्नास प्रवास होतात. पंधराच्या दामात पन्नास प्रवास, ही सवलत पगारदार माणसाच्या घरखर्चाचा कणा आहे.

जून २०१४ मध्ये हा कणा हादरला. रेल्वेने भाड्यात १४.२ टक्के वाढ जाहीर केली आणि पासाची आकारणी १५ ऐवजी ३० प्रवासांवर करण्याचे ठरविले. म्हणजे पास दुपटीहून महाग होणार होता. मुंबईभर असंतोष उसळला. अंमलबजावणीपूर्वीच पासाचा निर्णय मागे घेण्यात आला आणि ८० किलोमीटरपर्यंतचा उपनगरी द्वितीय वर्ग वाढीतून वगळला गेला. जुलै २०२५ च्या भाडेवाढीतही उपनगरी प्रवास व पास यांना हात लागला नाही. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलचे एकेरी भाडे निम्मे झाले. तिचा पास मात्र तेव्हा स्वस्त झाला नाही. कधीमधी जाणाऱ्याला लाभ झाला, रोज जाणारा होता तिथेच राहिला.

परंतु प्रवासाची किंमत केवळ रुपयांत चुकवावी लागत नाही. जून २०२० मध्ये लोकल पुन्हा सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती. जुलैत एसटी बस न मिळाल्याने नालासोपाऱ्याचे चाकरमाने थेट रुळांवर उतरले. ऑक्टोबरमध्ये महिलांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी दारे उघडली, पण सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. गर्दी टाळण्याचा हेतू योग्यच होता. तरीही विरारहून मंगलदास मार्केट किंवा झवेरी बाजारात येणाऱ्या नोकराचा विचार करावा. दुकान दहा-अकराला उघडते, पण त्याला सातच्या आत गाडीत चढायचे. दुकान आठला बंद होते, पण त्याला नऊ वाजेपर्यंत फलाटाबाहेर ताटकळायचे. नऊ-दहा तासांच्या कामासाठी पंधरा-सोळा तास घराबाहेर!

इथे एक भेद स्पष्ट झाला. पेढीच्या मालकाला दुपारी बाराची गाडी चालते. त्याचा वेळ त्याच्या हाती असतो. गुमास्त्याचा, हमालाचा, हिशेबनिसाचा वेळ दुसऱ्याच्या हाती असतो. लंडनमध्ये गर्दीच्या वेळी भाडे अधिक असते. तसा दर मुंबईत आला, तर तो भुर्दंड ज्याला वेळ निवडता येत नाही त्याच्यावरच पडेल. तिकिटाच्या दराने माणूस तेव्हाच हलतो, जेव्हा त्याला हलण्याची मोकळीक असते.

ती मोकळीक देणे बऱ्याच अंशी व्यापाऱ्याच्या हाती आहे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये कार्यालयांना कामाच्या वेळा बदलण्याचे आवाहन केले होते. दुकान दहाला उघडावे लागत असले, तरी सर्वच माणसे दहाला लागत नाहीत. माल लावणारा लवकर येऊन लवकर जाऊ शकतो. वहीखाते सांभाळणारा अकरा-साडेअकराला आला तरी दिवसाची मेळवणी चुकत नाही. पासाची रक्कम पेढीने भरली, तर पेढीच्या खर्चात ती नगण्य ठरते, नोकराच्या घरात मात्र ती महिन्याचा किराणा सावरते.

भाडे किती असावे हे दिल्लीत ठरते. माणसाने कोणत्या गाडीला लोंबकळावे हे मात्र पुष्कळदा गादीवर बसून ठरते. वर्षाअखेरीस नफ्यातोट्याचा मेळ घालताना व्यापारी कुटुंबांनी नोकराच्या प्रवासाचे तासही जमेस धरावेत. ते वहीत दिसत नाहीत, पण खर्च तर होतातच.