शोधचौकटीतला ‘कवि’

जुन्या मराठी नियतकालिकांतील लेख व त्यांचे इंग्रजी अनुवाद एकाच संकेतस्थळावर ठेवताना आम्ही अडलो ते शोधचौकटीपाशी. इंग्रजी पानावरून शोधले, की केवळ अनुवाद हाती येई. मूळ लेख दडून राही. ‘सर्व भाषा’ हा पर्याय दिला आणि ते सुटले. खरी अडचण मराठीचीच. १९६२च्या लेखननियमांनी ‘कवि’चा ‘कवी’ केला, ‘कांही’तला अनुस्वार गळाला, शोधयंत्राला ही रूपे परस्परांना परकी. (‘दऱ्या’तला र तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना मात्र एकच दिसतो!) जुने लेखन ‘शुद्ध’ करून टाकावे, अशी सूचना आली. ती आम्हांस अमान्य आहे. पाठ तसाच राहावा, रूपांची सांगड शोधसूचीने घालावी. आज प्रबंधाची विद्यार्थिनी ‘कवी’ टंकते आणि १९६२पूर्वीचा ‘कवि’ तिच्यापुरता नाहीसा होतो.