बूट चावतो तेव्हा

पंचेचाळिशीत बर्फावरून घसरायला शिकावे, ही दुर्बुद्धी मला 2023च्या फेब्रुवारीत गुलमर्गला सुचली. स्कीचे बूट भाड्याने घेताना मी चांगले ऐसपैस मागून घेतले आणि आत लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवले. कोल्हापुरी वहाणांनी जन्मभर पाय चावून घेतलेला माणूस मी. सैल ते सुखाचे, एवढेच मला ठाऊक!

संध्याकाळी अंगठ्याचे नख निळे पडले. दिवसभर पाय बुटात मागेपुढे आपटत होता. "अहो, पुरे झाली हौस," सौभाग्यवती म्हणाल्या. ते मात्र नखापेक्षा जास्त झोंबले.

सकाळी दुकानातल्या म्हाताऱ्याने पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजले : 26. कालच्या बुटावर आकडा होता 28. त्याने एकच पातळ मोजा ठेवला, टाच मागे ठोकायला लावली आणि बक्कल आवळले. ताठ उभा राहिलो की बोटे पुढे टेकत. गुडघे वाकवून नडगी बुटावर रेलली की मागे सरत. टाच जागची हलेना.

"साहब, आगे झुकिए."

वीस वर्षे वर्गात ताठ उभे राहिलेल्या मास्तराला हे सांगणे! पण झुकलो. त्या दिवशी सात वेळा पडलो. पायांची आठवण मात्र एकदाही झाली नाही.